काळ्या बिअरच्या गळ्यात बोकड कशाला? डुंकल, बॉक, लागर... कुणीतरी नीट सांगा

कळंबचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपटासारखा वाटंल पण तीन दिवस झाले डोक्यातून जाईना म्हणून इथं टाकायलोय. आमचा मेहुणा जर्मनीत असतो, परवा गावाकडं आलता, येताना बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. एकीवर डुंकल लिहिलंय. दुसरी सेलिब्रेटर म्हणून कायतरी, तिच्या गळ्यात दोऱ्यानं एक पांढरा प्लास्टिकचा बोकड लटकवलेला. खोटं नाही सांगत, खरंच लटकवलेला, ताईतासारखा. पोरानं तो लगेच काढून घेतला अन खेळण्यातल्या बैलगाडीला जुंपला.

दोन्ही बिअर काळ्या. कोकसारख्या काळ्या, पण कंदिलाच्या उजेडात धरली तर काकवीसारखी लालसर दिसती. शेतात आखाड्यावर चौघं बसलतो, एकच उघडली, डुंकल. प्यायच्या आधीच वाद सुरू. एकजण म्हणाला ह्यात बोकडाचं रक्त असतंय म्हणून काळी. दुसरा म्हणाला येड्या, प्याल्यावर बोकडासारखी धडक बसती म्हणून तसलं चित्र. तिसरा आमचा शाळामास्तर, तो म्हणाला जर्मनमधी बॉक म्हणजे बोकडच, शब्द आपल्याकडूनच तिकडं गेलाय, संस्कृत हाय ते. मेहुण्याला विचारलं तर म्हणतो दाजी मला फक्त प्यायचं माहीत.

तर बोकड आला कुठून, डुंकल म्हणजे काय, अन मेहुणा म्हणतो ही पण लागरच हाय, तर लागर पिवळी असती ना राव, काळी कशी काय? आणि काळी म्हणजे ष्ट्राँग असं आपण समजतो पण डुंकलवर पाचच टक्के लिहिलंय, आपल्या परमिट रूमातली ष्ट्राँग त्याच्यापेक्षा जास्त निघाली की. चव मातर वेगळीच, कडू कमी अन भाकरीच्या पापुद्र्यासारखी काहीतरी खरपूस.

नळदुर्ग_नाका

रक्त 😂😂 मास्तर सोडून बाकी दोघांना नमस्कार सांगा

वाळूज_शिफ्ट_बी

पाव्हणं, भाकरीचा पापुद्रा म्हणलात तिथंच अर्धं उत्तर दिलंत तुम्ही. मी वाळूजला बिअरच्या कारखान्यात लॅबला अकरा वर्षं काढलीत (नाव नका विचारू), त्यामुळं बोकडाचं मला सांगता येणार नाही पण काळेपणाचं सांगतो.

बिअर होते जवापासून, म्हणजे आपण ज्याला सातू पण म्हणतो त्याच्यापासून. जव भिजवायचे, मटकीसारखे मोड आणायचे, आणि मोड जरा वाढले की भट्टीवर वाळवून ते थांबवायचं. ह्याला माल्ट म्हणतात. आता सगळा खेळ त्या वाळवण्यात आहे. हळू आचेवर वाळवलं तर माल्ट फिकं राहतं आणि बिअर पिवळी येते. शेवटाला आच चढवत १००-१०५ डिग्रीपर्यंत नेली तर माल्ट तांबूस होतं आणि त्याला वास येतो तो खरपूस भाकरीचा, भाजलेल्या कणसाचा. म्युनिक माल्ट म्हणतात त्याला, डुंकल मुख्यतः त्याच्यावरच बनते. साखर आणि प्रोटीन तापून जी रिॲक्शन होते ती तव्यावर आणि भट्टीत एकच असते, फरक काही नाही. आणि माल्ट अजून पुढं कॉफीच्या बियांसारखं काळं भाजलं तर ते एवढं जहाल असतं की शंभर किलोत किलो-दोन किलो टाकलं तरी रंग बदलून जातो.

म्हणून काळी म्हणजे ष्ट्राँग हे डोक्यातून काढा. रंग येतो भाजण्यातून, नशा येते साखरेतून. तुमच्याकडं कारखान्याला ऊस जातो ना, तिथं रसाचा ब्रिक्स मोजतात, तसंच इथं आंबवायच्या आधी त्या गोड पाण्यात किती विरघळलंय ते मोजतात. साध्या डुंकलला ते १२-१३ च्या आसपास असतं. जर्मनीत बॉक असं लिहायचं असेल तर कमीत कमी १६ पाहिजे, आणि डॉपेलबॉकला १८. तुमची बोकडवाली बाटली डॉपेलबॉक आहे, पावणेसात टक्क्यांची, ती जपून.

आणि लागरचा रंगाशी काडीचा संबंध नाही!! लागेर्न म्हणजे जर्मनमध्ये साठवून ठेवणं. आपल्याकडं पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे, तसे हे लोक पिंपं थंडगार तळघरात आणि डोंगरातल्या गुहांत महिनोनमहिने ठेवायचे, वरून हिवाळ्यातला बर्फ भरायचा. साठवलेली बिअर म्हणून लागर. बव्हेरियात (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी होती, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, कारण गरमीत माल नासायचा. मग थंडीतच बनवा आणि उन्हाळ्यासाठी साठवा. तसं करता करता थंडीत काम करणारं यीस्टच तिथं टिकलं. ते यीस्ट म्हणजे खेचर आहे बरं का, दोन जातींचं मिळून झालेलं. त्यातली एक जात नेहमीची, पावाची-बिअरची. दुसरी जात कुणाला सापडतच नव्हती, ती २०११ ला सापडली तर कुठं, अर्जेंटिनात पाटागोनियाच्या जंगलात झाडावरच्या गाठींत. पुढं तिबेटातही मिळाली.

म्हणजे ३०० वर्षं लागर काळीच होती. पिवळी ही नंतरची पोरगी आहे, १८४२ ला आताच्या चेक देशातल्या पिल्झेन शहरात जन्मली.

परभणी_ते_म्युनिक

लॅबवाल्या दादांनी मस्त सांगितलंय. बोकड माझ्याकडं द्या, मी सहा वर्षं झाली म्युनिकला आहे आणि पहिल्याच मार्चमध्ये ह्या बोकडाची धडक खाल्लीये, ते शेवटी सांगतो.

तर पाव्हणं, मुळात बोकडाचा काही संबंधच नाही. बॉकचं मूळ एक गाव आहे. आइनबेक. उत्तरेकडं, हानोफरच्या खाली, लोअर सॅक्सनी राज्यात, आपल्या सेलू-मानवतएवढं पण नसेल. पण चौदाव्या-पंधराव्या शतकात ह्या गावाची बिअर म्हणजे आपल्याकडं पैठणची पैठणी म्हणतो तसं काम होतं. विक्रीची जुनी पावती सापडलीये ती १३७८ ची, दोन पिंपं त्सेले गावाला विकली त्याची. गाव हान्झा व्यापारी संघात होतं त्यामुळं माल लांब लांब जायचा, लांबच्या प्रवासात नासू नये म्हणून दमदार बनवायचे, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) भरपूर. आणि गंमत ऐका, तिथं गावातल्या शेकडो घरांना बिअर करायचा हक्क होता पण कढई मात्र गावाची एकच फिरती, नगरपालिकेची. ज्याचा नंबर लागेल त्याच्या घरी कढई जाणार. कढई आत जावी म्हणून घरांना ह्या एवढाल्या कमानीचे दरवाजे, ते आजही उभे आहेत तिथं. मला एकदम आपल्याकडची लग्नातली पंचायतीची भांडी आठवली, जर्मन काय अन आपण काय.

आता इकडं दक्षिणेत बव्हेरियाचे ड्यूक लोक, ह्यांना आइनबेकचीच बिअर पाहिजे. पाचशेक किलोमीटरवरून गाड्या भरून मागवायचे, खजिना रिकामा व्हायला लागला. मग १५८९ ला म्युनिकला स्वतःची दरबारी ब्रूअरी काढली, हॉफब्रॉयहाउस, जिथं आता पर्यटक फोटो काढतात ते. तरी आइनबेकसारखी जमेना. शेवटी १६१४ ला आइनबेकचाच एक कारागीर उचलून आणला, एलियास पिश्लर नावाचा. त्यानं म्युनिकच्या पाण्यात, म्युनिकच्या माल्टवर, तिथल्या थंडीतल्या पद्धतीनं बनवायला घेतली. आइनबेकची मूळ बिअर लागर नव्हती आणि एवढी काळी पण नसावी असं जाणकार म्हणतात, गव्हाचा अंश होता तिच्यात. म्हणजे काळी लागर झाली ती म्युनिकला येऊन, गाव सोडून आल्यावर.

आणि नाव कसं बिघडलं? बव्हेरियन बोली म्हणजे प्रमाण जर्मनवाल्याला अशी ऐकू येते जशी पुणेकराला आपली. ब चा प, ए चा ओ, शब्दाचं पार भुसकट करतात. आइनबेकिश म्हणजे आइनबेकची. त्याचं झालं आइनपॉकिश, मग तोंडातल्या तोंडात आइनपॉक, मग आइन बॉक. आता जर्मनमध्ये आइन म्हणजे एक आणि बॉक म्हणजे बोकड. गिऱ्हाईक म्हणायला लागलं "आण रे एक बोकड". झालं, गावाचं नाव गेलं आणि बोकड आला. लेबलवाल्यांना आयतं चित्र मिळालं. तुमच्या दुसऱ्या मित्राची धडकेची गोष्ट इकडं पण लोक सांगतात, कुणी सरदार पिऊन पडला आणि म्हणाला मला बोकडानं पाडलं, पण ती मागाहून रचलेली गोष्ट आहे.

डॉपेल म्हणजे दुप्पट. ती काढली पाउलानर मठाच्या साधूंनी, म्युनिकमध्येच. ईस्टरच्या आधी ह्यांचा चाळीस दिवसांचा उपास, अन्न बंद, पण पातळ चालतं! मग बिअरच एवढी घट्ट आणि पौष्टिक केली की पोट भरावं. पातळ पावच म्हणतात तिला. आपली एकादशी दुप्पट खाशी, त्यांची डॉपेलबॉक. ह्या बिअरचं नाव पडलं साल्वातोर, म्हणजे तारणहार. बाकीचे ब्रूअरीवाले पण आपल्या काळ्या बिअरला सर्रास साल्वातोर म्हणायला लागले, मग पाउलानरनं १८९६ ला नावाचा ट्रेडमार्क घेतला. बाकीच्यांनी काय केलं तर शेपूट तेवढं ठेवलं. मॅक्सिमातोर, ट्रिउम्फातोर, ऑप्टिमातोर. तुमचं सेलिब्रेटर त्यातलंच, इकडं सेलेब्रातोर म्हणतात. दुकानात नावाच्या शेवटी आतोर दिसलं की समजायचं हा दुप्पट बोकड आहे.

माझी धडक: नवीन होतो, मार्चमध्ये ऑफिसचे लोक ष्टार्कबिअरच्या, म्हणजे ष्ट्राँग बिअरच्या मोसमात घेऊन गेले, मला वाटलं बिअरच तर आहे, गावाकडं आपण काय काय पचवलंय. एक लिटरचा मातीचा मग. गोडसर लागते हो, कडू नाहीच, मनुका आणि गुळाच्या पाकासारखी, त्यामुळं कळतच नाही. दुसरा मग अर्धा झाला तेव्हा मी जर्मन मॅनेजरला परभणीच्या बोलीत रब्बीचं नियोजन समजावून सांगत होतो आणि तो मान हलवत होता.

शब्दवेडी_ताई

मी संभाजीनगरला जर्मन शिकवते त्यामुळे राहवलं नाही. 😊 परभणीकर दादांची गोष्ट बरोबर आहे, फक्त डुंकल राहिलं.

डुंकल म्हणजे काळोखी, गडद. बस, एवढाच अर्थ. पण मला त्यात जास्त मजा वाटते कारण ज्या काळात सगळीच बिअर गडद होती तेव्हा तिला डुंकल म्हणायची गरजच कुणाला नव्हती, ती नुसती बिअर होती. पूर्वी गाय म्हणजे गाय. जर्सी आली तेव्हा आपण "देशी गाय" म्हणायला लागलो. हायब्रीड आली तेव्हा "गावरान" आलं. तसंच तिकडे झालं, पिल्झेनची पिवळी गाजायला लागली, काचेचे ग्लास स्वस्त झाले, लोकांना ग्लासातून आरपार दिसणारं काहीतरी हवं झालं आणि शेवटी म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीनेही १८९४ ला फिकी बिअर काढली, हेलेस. हेल म्हणजे उजळ. उजळ आली म्हणून घरची जुनी झाली डुंकल. आणि श्वार्त्सबिअर म्हणून अजून एक असते, पूर्वेकडच्या थुरिंगियाची, श्वार्त्स म्हणजे सरळ काळी, ती भाजलेल्या माल्टमुळे खरंच काळी असते आणि अंगाने हलकी. आजारपणात जर्मन कवी ग्योटे (गटे) जेवण सोडून ह्या क्योस्त्रिट्सच्या काळ्या बिअरवर राहिला असं सांगतात.

आता मास्तरांचं. मास्तर, बिअरचा बोकड संस्कृतातून आलेला नाही, ते वर आलंच आहे. पण बॉक ह्या जनावराच्या शब्दाची भावकी आपल्यापर्यंत पोचते, फक्त वाट वेगळी आहे. इंग्रजीतला बक, जर्मन बॉक आणि फारसीतला बुज म्हणजे शेळी, हे एकाच मुळाचे मानतात. आणि फारसीतला बुज आपण मराठवाड्यात रोज वापरतो की! बुजदिल. शेळीच्या काळजाचा. निजामाच्या राज्यात आजोबा-पणजोबा उर्दूत शिकले त्यांना हे सांगायची गरज पडली नसती.

वाळूज_शिफ्ट_बी

ताई बुजदिल एक नंबर. आयुष्यभर शिवी म्हणून दिली, शेळी आहे हे आज कळलं

दुष्काळी_पेन

चर्चा छान चाललीय पण एक विचारतो, राग नका मानू. आपल्या भागात बिअरचं कौतुक वाचलं की मला २०१६ आठवतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आमच्याकडं हंडे रांगेत, आणि एमआयडीसीत बिअरचे कारखाने चालूच. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांचं पाणी आधी निम्मं आणि मग ६० टक्के कापायला लावलं तेव्हा कुठं. शिफ्ट बी दादा तुम्ही तेव्हा आत होतात ना?

वाळूज_शिफ्ट_बी

होतो. लपवायचं काय त्यात. एक लिटर बिअर बाहेर पडायला चार-पाच लिटर पाणी सहज लागायचं, जास्त जातं ते धुण्याला आणि थंड करण्याला. त्या उन्हाळ्यात आमच्या दोन शिफ्ट बंद झाल्या, मी घरी बसलो आणि घरी टँकरच्या लाईनीत मीच उभा. दोन्हीकडून पाहिलंय, त्यामुळं तुमच्यावर राग धरायला तोंड नाही माझं.

पण पाण्यावरून आठवलं आणि हे पाव्हण्यांच्या प्रश्नातलंच आहे. म्युनिकला काळीच बिअर का झाली आणि पिल्झेनलाच पिवळी का, ह्याचं मोठं कारण पाणी आहे. पिल्झेनचं पाणी एकदम मऊ, क्षार जवळजवळ नाहीतच. म्युनिकचं जड, चुनखडीचं, आपल्या बोअरसारखं, गिझरच्या कॉईलवर पांढरा थर धरणारं. असल्या पाण्यात फिकं माल्ट भिजवलं तर आंबटपणा जमत नाही आणि बिअर उग्र-तुरट होते. गडद भाजलेलं माल्ट स्वतः थोडं आम्ल असतं, ते त्या चुन्याला मारतं आणि गणित जुळतं. त्या लोकांना केमिस्ट्री माहीत नव्हती, नुसतं कळत होतं की आपल्या गावात काळीच चांगली लागते. आता काय, आरओ लावा आणि पाहिजे तसं पाणी बनवा, जायकवाडीचं असो नाहीतर कुठलं.

नळदुर्ग_नाका

म्हणजे आमच्या बोअरच्या पाण्यात डुंकल झाली असती म्हणा

वाळूज_शिफ्ट_बी

झाली असती. पण ४३ डिग्रीत ते यीस्ट मेलं असतं आणि त्याच्या आधी एक्साईजवाले आले असते 😄 घरी करायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडं प्यायला सुद्धा परमिट लागतो कायद्यानं, १९४९ चा दारूबंदी कायदा. परमिट रूम हे नाव तिथूनच आलंय, आपण ते हॉटेलचं आडनाव असल्यासारखं म्हणतो.

कळंबचा_पाव्हणा

काय माहिती दिली राव सगळ्यांनी, मास्तरला पूर्ण वाचून दाखवलं, बुजदिलवर लई खूष झाला, म्हणतो मी अर्धा तरी बरोबर होतो. रक्तवाल्यानं फोन उचलायचं बंद केलंय.

पण मला एक गोष्ट वाचता वाचता लागली अन मी एकटाच हसायलो. तिकडं गावावरून बिअरला नाव पडलं, अन गाव पुसून बोकड राहिला. आपल्याकडं बोकडालाच गावाचं नाव हाय. उस्मानाबादी! माझ्या दावणीला सात शेळ्या हायत, सगळ्या उस्मानाबादी, अन त्यातल्या सहा काळ्याकुट्ट. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं पण बाजारात शेळीला अजून कुणी धाराशिवी म्हणत नाही, व्यापारी उस्मानाबादीच म्हणतो. अजून दोनशे वर्षांनी कुणीतरी विचारंल हे उस्मानाबादी म्हणजे काय, शेळीची जात का बिअर.

दुसरी बाटली अजून तशीच हाय फ्रीजात. कशी प्यायची ते सांगा, लय गार का कमी गार?

परभणी_ते_म्युनिक

लय गार नको, जीभ बधिर झाली की चव मरते. फ्रीजातून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा, आपल्याकडं ऊन असेल तर दहाच मिनिटं. बर्फ घालायचा नाही!! सोबत चिवडा-फुटाणे ठीक, पण तिच्यावर खरं जमतं ते मटण, तिखट जरा कमी घालून. आणि चौघांत एक बाटली म्हणजे धडक काय बसणार नाही, चिंता नसावी. बोकड गळ्यात परत बांधून फोटो टाका.

कळंबचा_पाव्हणा

फोटोचं अवघड झालंय. पोरगं काल बैलगाडी अंगणात ठेवून शाळेत गेलं, अन त्या प्लास्टिकच्या बोकडाची शिंगं अन एक पाय आमच्या शेळीनं चघळून टाकला. मेहुण्याला सांगितलंय पुढच्या खेपेला अजून एक बाटली आण, पोरगं रडायलंय.